समासातली दोन नावं

दुपारी दोन ते पाच स्पेनमधल्या आमच्या बेनियारा गावात दोनच गोष्टी जाग्या असतात. एक, संत्र्यांच्या बागांतले पाण्याचे पाट. दुसरी, एम्पारमावशी. पाट तरी नक्की जागे असतात. मावशीचं सांगता येत नाही. ती बँडघराच्या माडीवर कपाटांच्या मधोमध वेताच्या खुर्चीत बसते, कुठल्यातरी जुन्या रचनेचे कागद मांडीवर घेते आणि डोळे अर्धे मिटते. बोटं मात्र हलत असतात. अशा वेळी हाक मारली तर म्हणते, "थांब जरा, ट्रॉम्बोन यायचेत अजून." स्वरलिपीचा कागद नुसता पाहिला की तिला तो ऐकू येतो. चैत्रात खिडकीतून फुलांचा वास आत येतो, पडदा फुगतो, बसतो, आणि त्या खोलीत पंधरा मिनिटं उभं राहिलं की आपल्यालाही कपाटांतून काहीतरी ऐकू यायला लागतं. मी दोनदा तिथे उभ्या उभ्या झोपलोय.

गावात माणसं अकराशे, त्यातली ब्याण्णव बँडात. बाकीच्यांना घेतलेलं नाही, कारण ऐकायलाही कुणी हवं. मी ब्लाय, दुसऱ्या रांगेतला क्लॅरिनेटवाला. पोटासाठी संत्र्यांच्या वखारीत खोक्यांवर लेबलं चिकटवतो. मावशी मात्र वाजवत काहीच नाही. ती आमची कागदवाली. बावन्न वर्षं ती बँडाचे कागद सांभाळतेय. नवऱ्याची बेकरी होती, तेव्हा सकाळी पाव आणि दुपारी कागद. नऊ वर्षांपूर्वी सेंतोकाका गेले, बेकरी पुतण्याकडे गेली, आता नुसते कागद. छपाईची यंत्रं यायच्या आधी तिने प्रत्येक वाद्याची प्रत हाताने उतरवलेली आहे. तिच्या हातचे सूर जरा डावीकडे कललेले असतात, वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांसारखे.

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे: कागद रिकामे परत येत नाहीत. शेजारच्या गावाला एखादी रचना वाजवायची असली की त्यांचा माणूस मावशीकडे येतो, वहीत नाव लिहितो, गठ्ठा घेऊन जातो. सणानंतर गठ्ठा परत येतो तेव्हा सोबत काहीतरी येतंच. बदामाची वडी, हाताने वळलेली टोपली, तेलाची बाटली. डोंगरातल्या एका गरीब बँडाने एकदा गोगलगायी पाठवल्या होत्या, शिजवायच्या. त्या करंडीतून निसटून कपाटात शिरल्या. एका पानावर अजून त्यांची चंदेरी रेघ आहे, आणि आमच्या हॉर्नवाल्याला वाटतं तिथे सूर घसरवायचा असतो. छान वाटतो तिथे.

आता माझं पाप.

मिरवणुकीत चालताना वाद्याच्या चिमट्यात पान अडकवावं लागतं, म्हणून आमचे रस्त्यावरचे कागद तळहाताएवढे कापलेले असतात. वरच्या बाजूला रचनेच्या नावापुरतीच जागा. म्हणून मावशी रचनाकाराचं नाव डाव्या समासात लिहिते, खालून वर. वाचायला मान वाकडी करावी लागते. कुणी कुरकुर केली की म्हणते, "नाव वाचताना मान थोडी झुकलेलीच बरी."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी वखारीच्या कचेरीतलं यंत्र उसनं आणलं आणि आमच्या तीनशे बारा रचना, सगळ्या वाद्यांसकट, संगणकात घेतल्या. हेतू चांगलाच होता. डोंगरातल्या त्या गोगलगायवाल्यांना एका कागदासाठी दोन बस बदलाव्या लागतात. त्यांना घरबसल्या मिळावं. यंत्रावर एक बटण होतं, 'कडा साफ करा'. मी स्वच्छताप्रिय माणूस. दाबलं. मग जगातले बँड जिथे आपापले कागद टाकतात अशा इंटरनेटवरच्या एका जागी सगळं चढवलं. तिथे विचारलं, रचनाकार कोण? चित्रात पाहिलं तर कुठेच नाव नाही. तीनशे बारा वेळा कोण टंकणार? एक पर्याय होता, 'पारंपरिक'. सगळ्यांना एकदम लावला, आणि जेवायला गेलो.

यंदा मार्चमधली गोष्ट. जेवणानंतर आडवा पडून फोन चाळत होतो. लिथुआनिया नावाच्या देशात, एका राखाडी नदीकाठी, रेनकोट घातलेली तीसएक माणसं वाजवत होती. ओळखीची चाल. आमची 'डुलकी'! अमादेउकाकांची. मी उठून बसलो. मग ते ठिकाण आलं, स्वरलिपीच्या उभ्या रेघांमधला सत्तेचाळिसावा खण, आणि लिथुआनियाच्या क्लॅरिनेटवाल्यांनी शुद्ध सुराच्या जागी कोमल लावला.

हा सूर जगात फक्त आमच्या कागदांत चुकतो. त्याची हकीकत सगळ्यांना पाठ आहे. अमादेउ ल्योपीस तेव्हा तिशीचा, संत्र्यांची कलमं बांधणारा. दुपारी झाडाखाली पडल्या पडल्या त्याला ही चाल सुचली, म्हणून नाव 'डुलकी'. कागद उतरवायला दिले विशीतल्या एम्पारला. दुपारची वेळ, फुलांचा वास, आणि उतरवता उतरवता तिलाच डुलकी लागली. सत्तेचाळिसाव्या खणातलं एक चिन्ह राहून गेलं. मिरवणुकीत ते वाजलं तेव्हा ती पातं घेऊन खाडाखोड करायला धावली. अमादेउ म्हणाला, "राहू दे. डुलकीत डुलकी आहे." मग त्या वर्षी शरदात तिने बेकरीवाल्याशी लग्न केलं. अमादेउने कुणाशीच केलं नाही. गावाने यावर काय बोलायचं ते बोलून झालेलं आहे.

मी फोन घेऊन माडीवर पळालो. मावशीने चष्मा लावला, पूर्ण ऐकलं. कोमल सूर आला तेव्हा गाल लाल झाले.

"एवढ्या थंडीत वाजवतात बिचारे," ती म्हणाली. "सुरेख वाजवतात रे. खाली काय लिहिलंय?"

"'डुलकी'. पारंपरिक, स्पेन."

"पारंपरिक म्हणजे?"

"म्हणजे... कुणाची नाही. सगळ्यांची."

तिने कपाट उघडलं, 'डुलकी'चा गठ्ठा काढला, वरचं कार्ड माझ्या नाकासमोर धरलं. "मान वाकडी कर. वाच."

समासात, खालून वर, फिकट जांभळ्या शाईत लिहिलं होतं: अमादेउ ल्योपीस यांची रचना, एम्पारसाठी.

"हे कुठे गेलं?"

"मावशी, ते... कडा साफ करताना..."

"साफ!" ती म्हणाली, आणि कागद मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. त्या दुपारी तिची बोटं हलली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बँडात माझं नाव कात्री पडलं. त्यातच आणखी एक बातमी आली. एप्रिलअखेर खोऱ्यातले एकोणीस बँड आमच्या चौकात जमतात आणि शेवटी सगळे मिळून एकच रचना वाजवतात. ती यंदा मतं घेऊन निवडली होती, आणि निवडली होती माझ्या त्या जागेवरून. 'डुलकी', पारंपरिक. कार्यक्रमपत्रिका आठ दिवसांत छापायला जाणार होती. म्हणजे बाराशे छापील प्रती, आणि स्वतःच्या गावच्या चौकात, स्वतःच्या खुर्चीवर बसून अमादेउकाका ऐकणार की त्यांची चाल कुणाचीच नाही.

मावशीने ठेवणीतला कोट घातला आणि मला धरून तालुक्याला, बँडसंघाच्या कचेरीत नेलं. तिथल्या रोसेरबाई आमचं सगळं ऐकून चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू चोर आहेस असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "कायदा म्हणतो."

"बाई, पैसा एक घेतला नाही मी."

"घेतला नाहीस ते दिसतंय, चपलेवरूनच. पण दुसऱ्याची वस्तू फुकट वाटली म्हणून ती तुझी होत नाही. विचारलंस कुणाला?"

"पण मावशी बावन्न वर्षं वाटतेच की कागद!"

"ती वहीत लिहून घेते," रोसेरबाई म्हणाल्या. "कोणी नेला, कुणाचा नेला, कधी आणला. तुझ्याकडे वही कुठाय?"

मावशी माझ्याकडे न बघता बघत होती, हे तिलाच जमतं.

मग बाईंनी सगळं समजावलं. रचनाकार मेल्यावरही त्याचा हक्क कित्येक वर्षं वारसांकडे राहतो. ज्यांना जाऊन खूप काळ लोटला त्यांचे कागद खुशाल वाटा. जे दुकानात छापील मिळतात ते त्या जागेवरून काढा, ज्याला हवे तो विकत घेईल. आणि जे जिवंत आहेत किंवा ज्यांचे वारस आहेत त्यांना विचारा. हो म्हणाले तर त्यांच्या अटीवर वाटा, नाही म्हणाले तर काढून टाका. संघ स्वतःच अशी रीतसर जागा काढत होता. प्रत्येक रचनेला एक पान, पानावर नाव, नावाखाली रचनाकाराची अट. माझ्यासारखा तीनशे बारा रचनांचा आयता गुन्हेगार त्यांना हवाच होता.

पुढचे पाच दिवस मी वारसांना फोन करत होतो. एक जण म्हणाला, "आमचे आजोबा रचना करायचे? आम्ही तर त्यांना न्हावी समजत होतो." एका बाईने फोनवर चाल गुणगुणायला लावली आणि रडली, मग हो म्हणाली. एकाने स्वच्छ नाही म्हटलं, कारण विचारलं तर फोन ठेवला. त्याच्या काकाची रचना मी काढून टाकली. फार गोड होती. पण त्याची होती.

सगळ्यांत अवघड निघाले ते अमादेउकाका.

"समासातलं अक्षर मावशीचं आहे," रोसेरबाई म्हणाल्या होत्या. "मी मानते. पण परवानगीवर सही रचनाकाराची लागते. जिवंत आहेत ना?"

"जिवंत आहेत," मी म्हणालो, "पण या वेळेला झोपलेले असतील."

झोपले नव्हते. आम्ही तिघं बागेत पोचलो तेव्हा काका, वय वर्षं ब्याऐंशी, एका रोपासमोर स्टुलावर बसून साल चिरत होते. झाडांखाली पाकळ्यांचा सडा पडला होता, मधमाश्या एका सुरात लागल्या होत्या, आणि सगळी बाग जरा पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. रोसेरबाईंनी अर्ज पुढे केला.

"काका, कलम सतराप्रमाणे..."

"सतरा?" काका म्हणाले. "आजची सहा झालीत बाई. सतरावं उद्या बांधू."

"कायद्याचं कलम हो."

"ते मला बांधता येत नाही." त्यांनी पात्याला पाणी लावलं. "आणि कशाला? ब्लायने मला दाखवलं ना ते. नदीकाठचे लोक. पारंपरिक लिहिलंय! अरे, पारंपरिक व्हायला माणसाला मरून दोनशे वर्षं थांबावं लागतं. माझं जिवंतपणी झालं. मी आयुष्यभर कलमं बांधली. संत्रं सोलताना कुणी विचारतं का, कलम कुणी बांधलं? गोड लागलं की झालं."

मला तर ते पटलं. माझ्या बाजूने बोलत होते ना. मी म्हणालो, "बघा, काकांना स्वतःलाच..."

"कात्री, तू गप बस," मावशी म्हणाली. मग पुढे होऊन तिने त्या रोपाला लोंबणारी पत्र्याची पट्टी बोटाने उडवली. टिंग वाजलं. "हे काय आहे अमादेउ?"

"जातीचं नाव. आणि कलमाचा डोळा कुठल्या झाडावरनं घेतला ते."

"पट्टी नसलेलं रोप कुणी आणून दिलं तर लावशील बागेत?"

"छे! काय निघेल काय माहीत."

"मग?"

काका हसले. "मी रोप नाही, एम्पार. मला कोण लावतंय आता."

"खाणाऱ्याने विचारू नये, ठीक. पण डोळा नेणारा? तो पहिल्या बहराची टोपली आणून देतो की नाही तुला? का पारंपरिक म्हणून खातो?"

"देतो." ते जरा वेळ साल दाबत बसले. "देतो, ते खरं. पण ही सही, हे अर्ज... म्हातारपणी नावासाठी हपापला म्हणतील लोक. असू दे. माझं नाव नसलं तरी चाल आहेच."

मावशीने पिशवीतून कार्ड काढलं.

"समासात तुझं एकट्याचं नाव नव्हतं," ती म्हणाली. "तुला पारंपरिक व्हायचं तर हो. मला नाही व्हायचं."

मधमाश्या तेवढ्या वाजत राहिल्या. रोसेरबाई, ज्या एरवी कचेरीत मिनिटाला दोन वाक्यं बोलतात, पाटातलं पाणी बघू लागल्या. मी माझ्या चपला बघितल्या. शाळेत आमच्याकडून समासाचे प्रकार घोकून घेतले होते, पण दोन नावं अशीही एका समासात राहू शकतात, हे कुणी शिकवलं नव्हतं.

काकांनी पातं पुसलं, मिटलं, खिशात ठेवलं. कार्ड हातात घेतलं, मान वाकडी केली. बराच वेळ तशीच ठेवली.

"चष्मा दे तुझा," ते म्हणाले. "कुठे करायची सही?"

सही झाली. मग रोसेरबाईंनी विचारलं, "अट काय लिहू? तिकीट लावून वाजवणाऱ्यांकडून संघाच्या दराने मोबदला घ्यायचा, हे तर सगळ्यांनाच आहे. पण रस्त्यावर, सणाला, फुकट वाजवणाऱ्यांसाठी?"

"फुकट वाजवू दे की."

"काहीतरी लिहावं लागतं, काका. चौकट रिकामी चालत नाही."

"मग तेच लिहा," मावशी म्हणाली. "कागद रिकामे परत येत नाहीत."

"याचा कायदेशीर अर्थ काय?"

"तुमच्याच आजोळी विचारा," काका म्हणाले. "गोगलगायी त्यांनीच पाठवल्या होत्या."

रोसेरबाईंनी लिहिलं. खाली आणखी एक ओळ काकांनी स्वतःच्या हाताने घातली: सत्तेचाळिसाव्या खणातला सूर दुरुस्त करायला परवानगी नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी बाराला, एकोणीस बँड चौकात उभे राहिले. आमच्याकडे वाजवण्याआधी रचनेचं नाव पुकारायची रीत आहे. पुकारणारा गेली दोन वर्षं बातमी दिल्यासारखा पुकारतो, पण त्या दिवशी त्याच्या हातात छापील पत्रिकेऐवजी मावशीचं कार्ड होतं. अख्ख्या चौकाने पाहिलं, त्याने मान वाकडी केली. "अमादेउ ल्योपीस यांची 'डुलकी'," तो ओरडला. "एम्पारसाठी."

मावशी आमच्या रांगेजवळ, जादा कार्डं एप्रनच्या खिशात घेऊन उभी होती. तिने काकांकडे पाहिलं नाही. काकांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. दोघंही माझ्याकडे बघत होते, म्हणजे मला पहिला सूर कुठून काढायचा तेच कळेना. मग सगळे सुरू झाले. उन्हात पितळ चमकत होतं, सगळा चौक एका मोठ्या श्वासासारखा वर-खाली होत होता, आणि सत्तेचाळिसाव्या खणात शंभरावर क्लॅरिनेट एकदम कोमल झाले. चुकलेला सूर इतक्या जणांनी मिळून लावला की चुकलेला वाटत नाही. वाटतं, आतापर्यंत बाकीचं जगच जरा चढं वाजत होतं.

जूनमध्ये टपालाने एक खोकं आलं. लिथुआनियाहून. मी त्यांना कळवलं होतं: नाव दुरुस्त झालंय, आणि अट अशी अशी आहे. आत एक चिठ्ठी होती, आणि वीट म्हणून वापरता येईल असा काळा पाव. चिठ्ठीत मोडक्या भाषेत लिहिलं होतं की त्यांनी नदीकाठी दोन्ही नावं पुकारली. उच्चार चुकला असेल तर माफी.

दुपारी तीनला माडीवर आम्ही तिघं तो पाव घेऊन बसलो. काकांनी कलमाच्या पात्याने कापला. मावशीने वास घेतला, चावला, बेकरीवालीच्या तोंडाने विचार केला.

"आंबवायला वेळ दिलाय," ती म्हणाली. "माणसं चांगली आहेत."

"दात लागतात पण," काका म्हणाले.

"कॉफीत बुडव ना. तुला सगळं सांगावं लागतं."

तिने वही काढली आणि लिहिलं: 'डुलकी', परत आली, सोबत पाव. मग ती खुर्चीत टेकली, कागद मांडीवर घेतले. काका भिंतीला टेकले. पडदा फुगला, बसला. थोड्या वेळाने दोघांचीही बोटं हलत होती, ताल थोडा पुढेमागे, पण चाल तीच.

पावाचा एक काळा चुरा मावशीच्या मांडीवरच्या पानावर पडला होता, तिसऱ्या रेघेवर, अगदी सुरासारखा. उद्या कुणीतरी तो वाजवील. मी झटकला नाही. साफ करण्याची माझी हौस फिटली आहे.